नदीकाठ फक्त पार्किंगसाठी नसतो हो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मुळा-मुठेच्या काठाबद्दल तुमच्या पेपरात येणारी पत्रं मी इथे लेकाकडे बसून ऑनलाइन वाचत असते. झाडं वाचवा म्हणणारे, फिरायला ट्रॅक पाहिजे म्हणणारे, पूररेषेचं काय म्हणून विचारणारे, सगळ्यांचंच थोडंथोडं पटतं. पण नदीकाठी बसून निवांत गाणं ऐकावं असं काही कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं, कारण आत्ताच तसं बसून आलेय आणि अजून कानातून जात नाहीये.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पोर्टलँड नावाचं शहर आहे, मधून विलामेट नदी वाहते. दर वर्षी ४ जुलैच्या सुट्टीला लागून तिच्या काठच्या बागेत वॉटरफ्रंट ब्लूज फेस्टिवल भरतो. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांमधून आलेलं गाणं. आम्ही लेकाच्या गावाहून, हिल्सबरोहून, लोकल ट्रेनने गेलो, पार्किंगची भानगडच नको. सोबत बुटक्या पायांच्या खुर्च्या, एक जुनी चादर, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आणि सूनबाईने ढोकळा केला होता पण बाहेरचं खाणं आत नेता येतं का नाही यावर घरात इतकी चर्चा झाली की शेवटी तो ट्रेनमध्येच संपला. आपल्याकडे जुलै म्हणजे खडकवासल्यातून पाणी सोडणार आणि भिडे पूल पाण्याखाली जाणार, इथे जुलै अगदी कोरडा, ऊन कडक पण सावलीत गेलं की गार, आणि सूर्य मावळतो नऊच्या सुमाराला. त्यामुळे संध्याकाळ संपता संपत नाही.

गवताचा उतार थेट नदीकडे जातो, लोक चादरी टाकून बसलेले, स्टेजच्या मागे पाणी, पाण्यावर लहानमोठ्या बोटी नांगर टाकून उभ्या, त्यातली मंडळी तिकीट न काढता ऐकतायत आणि कोणी हाकलत नाही. एका बाजूला हॉथॉर्न ब्रिज आहे, १९१० सालचा, मोठी बोट आली की त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो. त्याच्या रस्त्याला लोखंडी जाळी आहे, त्यामुळे गाड्या गेल्या की एक सलग घूंऽऽ असा आवाज येतो. एक बाई माउथ ऑर्गन वाजवत होत्या आणि मध्ये त्या जरा थांबल्या तर मागे तो पुलाचा आवाज असा काही लागलेला की आमचे हे म्हणाले, तानपुरा बरा जुळवलाय.

ह्यांचं तबल्यावर प्रेम, चाळीसेक वर्षं घरच्यांच्या जिवावर उठलेलं प्रेम. ब्लूजमध्ये बारा बारचं चक्र असतं (बार म्हणजे तालाचा एकेक भाग) असं मुलाने सांगितलं तर हे म्हणाले, मग एकतालच की. मांडीवर टाळी धरून बसले, आणि थोड्या वेळाने म्हणतात नाही, एकेका बारमध्ये चार मात्रा आहेत, म्हणजे आवर्तन ४८ चं झालं. पण एकदा ते फिरणं लक्षात आलं की सम आपोआप कळते, अख्खा उतार एकदम मान हलवतो. पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. इंग्रजी मला अर्धंच कळत होतं पण दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा तिचा त्रास कळतो. गंधार, निषाद सरळ न लावता किंचित खाली ओढतात, गिटारची तार बोटाने ताणून सूर वर नेतात, आपल्या मींडेची सवय असलेल्या कानाला हे काही परकं वाटत नाही. मुंबईत फेब्रुवारीत बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिवल सुरू झाला तेव्हा २०११ ला बडी गाय (Buddy Guy) हे ब्लूजचे नावाजलेले गिटारवादक येऊन गेले होते, तेव्हा पेपरात फोटो बघितला आणि पान उलटलं होतं. तिथे जे ऐकतात ते रसिक भारीच असणार, पण उघड्यावर, पाय पसरून, नदीचं वारं खात ऐकण्यात जी मजा आहे ती वेगळी.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत चार दिवस राहिल्या आणि लागल्या गोडवे गायला. तसं नाहीये हो. हा जो फेस्टिवल आहे तो १९८७ साली बेघर लोकांसाठी पैसे जमवायला म्हणून सुरू झाला, पुढे बरीच वर्षं ऑरेगन फूड बँकेसाठी, म्हणजे गेटवर थोडे डॉलर द्यायचे आणि येताना घरून खाण्याचे दोन डबे आणायचे, डाळ-बीन्सचे वगैरे. किती छान कल्पना! आता मात्र तिकीट चांगलंच महाग झालंय, लेकाने आकडा सांगितला नाही, मी त्याच्या फोनवर बघितला, आणि त्यानंतर तासभर मी प्रत्येक गाण्याचा भाव काढत होते. पाण्यातल्या बोटवाल्यांचा हेवा वाटला तो त्यामुळे.

आणि ब्लूज या शहरात राहिला कसा ती गोष्ट काही गोड नाही. ऑरेगनच्या राज्यघटनेतच काळ्या लोकांनी इथे राहायचं नाही असं कलम होतं, ते काढलं १९२६ ला. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बांधायला माणसं कमी पडायला लागली तेव्हा दक्षिणेकडून काळे कामगार आले, त्यांना इतर कामगारांबरोबर व्हॅनपोर्ट नावाच्या घाईघाईत उभारलेल्या वस्तीत ठेवलं, कोलंबिया नदीच्या काठच्या सखल जमिनीवर. ३० मे १९४८, रविवार. सकाळी वस्तीत चिठ्ठ्या वाटल्या की बांध सुरक्षित आहेत, गरज पडली तर कळवू, आणि दुपारी बांध फुटला. साडेअठरा हजार माणसांची घरं गेली. हे वाचताना मला दुसरं काही आठवणं शक्यच नव्हतं, १२ जुलै १९६१, पानशेत. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या भिंतीवर आई पाण्याची खूण दाखवायची. व्हॅनपोर्टची काळी मंडळी मग अल्बिना भागात गेली, तिथे क्लब होते, गाणं होतं, आणि पुढे हायवे, स्टेडियम, हॉस्पिटल यांच्यासाठी तिथलीही घरं पाडली. तेव्हा नदीकाठी जे गाणं मजेत ऐकतोय ते कोणाच्या घरातून आलंय हे माहीत असलेलं बरं.

आणखी एक सांगते. कर्टिस साल्गाडो म्हणून इथले गायक आहेत, माउथ ऑर्गनही वाजवतात, या फेस्टिवलचा घरचाच माणूस. याच नदीच्या वरच्या अंगाला युजीन गाव आहे, तिथे १९७७ मध्ये जॉन बेलुशी हा नट शूटिंगला आला होता, त्याला ब्लूजचं वेड लावलं ते साल्गाडोंनी, आणि पुढच्या वर्षी बेलुशीच्या ब्लूज ब्रदर्स या बँडचा पहिला अल्बम निघाला तो त्यांना अर्पण केला. तो नट जगभर गाजला, हे आपले इथेच. २००६ मध्ये त्यांचं लिव्हर ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर इन्शुरन्सच नाही, मग कलाकारांनी बेनिफिट कॉन्सर्ट करून पैसे उभे केले. आपल्याकडच्या लोककलावंतांची आजारपणं आठवली. अमेरिका असली म्हणून काय झालं.

पण नदीकाठाचं म्हणत होते मी. ही जी बाग आहे ना, तिथे आधी बाग नव्हतीच. हार्बर ड्राइव्ह नावाचा मोठा हायवे होता, चाळीसच्या दशकात बांधलेला, शहर आणि नदी यांच्या मधोमध. १९६९ च्या उन्हाळ्यात काही लोकांनी पोराबाळांसकट त्या हायवेच्या मधल्या हिरवळीच्या पट्ट्यावर जाऊन डबे खाल्ले, दोन्ही बाजूंनी गाड्या जातायत आणि हे वनभोजन करतायत, तेच आंदोलन. १९७४ ला हायवे बंद केला, उखडला आणि बाग केली. वाहतूक मरेल म्हणणारे तेव्हाही होते, ती काही मेली नाही. बागेला नाव दिलं टॉम मॅकॉल यांचं, ते गव्हर्नर होते, आणि त्याआधी पत्रकार, १९६२ मध्ये त्यांनी टीव्हीवर याच नदीच्या घाणीवर डॉक्युमेंटरी केली होती. हे मुद्दाम लिहिलंय, तुमच्या रिपोर्टर मंडळींना वाचून बरं वाटेल!

नुसती बाग करून भागलं नाही. इथेही पाऊस पडला की मैलापाणी नदीत जायचं. मग १९९१ ते २०११, वीस वर्षं खपून त्यांनी जमिनीखालून मोठे बोगदे नेले, पूर्वेकडच्याचा व्यास २२ फूट, खर्च १.४ अब्ज डॉलर, आणि लोकांची ड्रेनेजची बिलं वाढली, त्यावर अजून कुरकुर ऐकायला मिळते. पण आता उन्हाळ्यात लोक नदीत पोहतात. खालच्या अंगाला बंदराकडे जुन्या कारखान्यांचं विष गाळात अजून आहेच, ते काम चालूच आहे, म्हणजे सगळं आलबेल नाही. तरी शहराच्या मधोमध, म्हात्रे पुलाखाली म्हणा ना, पाण्यात पाय सोडून बसता येतं आणि नाकाला रुमाल लागत नाही.

आता आपलं बघा. आमच्या डीपी रोडला नदीलगत एकापुढे एक लॉन्स आणि मंगल कार्यालयं, लग्नसराईत तीन डीजे एकाच वेळी तीन गाणी वाजवतात, म्हणजे नदीकाठी संगीत नाही असं म्हणायची सोय नाही. पात्रात रस्ता, पार्किंग, राडारोडा. भेळ तेवढी चांगली मिळते. जायका या जपानी संस्थेच्या मदतीचा ९९० कोटींचा नदी शुद्धीकरणाचा प्रकल्प २०१६ पासून ऐकतोय, मैलापाणी शुद्ध करणारी ११ केंद्रं (एसटीपी) त्यात, आणि दुसरीकडे ४४ किलोमीटर काठ सजवायचा प्रकल्प सुरू. मला विचाराल तर आधी पाणी मग काठ, कारण वास येत असेल तर कितीही चांगल्या फरशीवर कोण बसणार आणि कसलं गाणं ऐकणार. काठ करायचाच असेल तर सगळीकडे दगड आणि काँक्रीट ओतू नका, थोडा गवताचा नुसता उतार ठेवा, पूर आला तर पाणी त्यावरून जाईल आणि ओसरलं की परत गवत येईल.

त्या उतारावर थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी पाच ते दहा काहीतरी चालू द्या. दहाचा नियम आहे तो पाळू, सवाईनेही रात्रभर जागायचं सोडलंच ना. शास्त्रीय असू दे, शाहिरी असू दे, आंबेडकरी जलसा असू दे, शिलाँगचा सोलमेट बँड आपल्याच देशातला ब्लूज वाजवतो त्यांना बोलवा. स्पीकरची भिंत नको, व्हीआयपी सोफे नकोत, निवडून आलेल्यांची भाषणं तर नकोतच. पुढच्या रांगेत सोफे आले की मागच्यांना नुसत्या माना दिसतात. तिकीट म्हणून एक किलो तांदूळ नाहीतर डाळ घ्या आणि ती वसतिगृहातल्या, अभ्यासिकेतल्या पोरांच्या मेसला द्या, गावाकडून आलेली किती पोरं एक वेळ जेवून दिवस काढतात ते सदाशिव पेठेत कोणालाही विचारा. जलपर्णी मात्र दिवाळीच्या आधी काढा, नाहीतर कलाकारांपेक्षा डासांनाच जास्त टाळ्या पडतील.

माझं एवढंच म्हणणं आहे की काठाचा जो आराखडा केलाय त्यात गवत कुठे, काँक्रीट कुठे, आणि लोकांनी फुकट बसायची जागा नेमकी कुठे, हे दाखवणारा साधा नकाशा महापालिकेकडून मागवून तुम्ही पेपरात छापा, अर्धं पान द्या त्याला. सोसायट्यांच्या जाहिरातींत नदी दिसणारी बाल्कनी रोज छापून येते, तिच्या शेजारी छापलात तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे (सध्या मुक्काम हिल्सबरो, ऑरेगन)