सिप्रीच्या (स्टॉकहोम आंतरराष्ट्रीय शांतता संशोधन संस्थेच्या) ग्रंथपालांना, संपादकांना आणि नोंदी ठेवणाऱ्या सर्वांना

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या वर्गांना आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मी मराठीतून शिकवतो. स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्नामध्ये तुम्ही जे काम करता, त्याच्या आधाराने माझे कितीतरी तास उभे राहिले आहेत. तुमचे आभार मानायचे बरेच दिवस मनात होते. पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण तुम्ही काय खुले करून ठेवले आहे हे इथल्या वाचकांनाही कळावे अशी इच्छा आहे.

दर मार्चमध्ये आमच्या वर्तमानपत्रांत ‘सिप्री’च्या हवाल्याने बातमी येते की शस्त्रास्त्रांच्या आयातीत भारत पहिला किंवा दुसरा. एप्रिलच्या अखेरीस लष्करी खर्चाची बातमी येते. त्यावर दोन दिवस वाद होतात आणि विषय मागे पडतो. पण ती बातमी ज्या नोंदींवरून निघाली त्या सगळ्या नोंदी, त्यांच्या टिपांसकट, कोणालाही पैसे न मोजता पाहता येतात. त्यांनी माझ्या वर्गाला काय दिले ते सांगतो.

तुमच्या नोंदीप्रमाणे २०२४ साली जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता. भारताचा ८६.१ अब्ज, म्हणजे जगात पाचवा. हा आकडा फळ्यावर लिहिला की एखादी चौकस मुलगी हमखास विचारते, “सर, अर्थसंकल्पातला संरक्षणाचा आकडा तर वेगळा आहे. मग खरा कोणता?” उत्तर तुमच्या तळटिपेत आहे. तुम्ही सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा निमलष्करी दलांचा खर्चही धरता आणि तसे लिहूनही ठेवता. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी आहे, हे मुलांना एकदा उमगले की पुढे कोणताही आकडा समोर आला तरी ती आधी विचारतात, यात काय काय धरले आहे?

त्याच तक्त्यात तुमचा स्वतःचा अंदाज असेल तर आकडा निळा असतो, फारच अनिश्चित असेल तर लाल. माहिती मिळालीच नसेल तिथे दोन टिंबे. त्या वर्षी तो देश स्वतंत्र अस्तित्वातच नसेल, तर फुल्या. बांगलादेशाच्या ओळीतल्या १९७१ आधीच्या फुल्या पाहून वर्ग क्षणभर गप्प होतो. टिंब आणि फुली यांत केवढा फरक आहे! एक म्हणते, आम्हाला ठाऊक नाही. दुसरी म्हणते, ठाऊक असण्यासारखे काही नव्हतेच. जगभरात वजन असलेल्या संस्थेने आपल्या अज्ञानाच्या जागा इतक्या स्वच्छ दाखवाव्यात, याचा माझ्या मनावर फार परिणाम झाला आहे. मी मुलांना ते रंग आवर्जून दाखवतो.

शस्त्रव्यवहारांच्या नोंदी १९५० पासूनच्या आहेत. तिथे तुम्ही सौद्याची रक्कम न मोजता टीआयव्ही हे स्वतःचे एकक वापरता, म्हणजे एका देशाकडून दुसऱ्याकडे लष्करी ताकद किती गेली याचे माप. दुसऱ्या सैन्याने वापरून झालेले शस्त्र नव्याच्या ४० टक्के धरायचे, मोठी सुधारणा करून दिलेले असेल तर ६६ टक्के. ही पद्धत वाचल्याशिवाय ‘अमुक देशाने इतक्या डॉलरची शस्त्रे घेतली’ असे तुमच्या नावावर सांगणे चूकच. दुर्दैवाने ती चूक सर्रास होते. तुम्ही पद्धत लपवली असती तर ती कोणी पकडूही शकला नसता.

आता जुन्या खंडांविषयी. माझ्या दृष्टीने तुमचा सगळ्यात मोठा उपकार हाच. १९६९ मध्ये निघालेल्या पहिल्या इयरबुकपासूनचे (तुमच्या वार्षिक ग्रंथाचे) जुने खंड आणि छपाईबाहेर गेलेली कितीतरी पुस्तके तुम्ही पीडीएफ करून मोफत ठेवलीत. नव्या खंडाइतकी मागणी त्यांना नसणार. तरीही कोणीतरी पिवळी पडलेली पाने एकेक करून स्कॅन केली, अनुक्रमणिका लावल्या. त्या अनाम हातांना माझा वेगळा नमस्कार.

वेगवेगळ्या वर्षांच्या खंडांतले आकडे एकत्र जोडू नका, असे तुम्हीच बजावता, कारण नवी माहिती आली की मागची वर्षेही दुरुस्त होतात. म्हणून आकड्यांसाठी मी मुलांना चालू नोंदींकडे पाठवतो आणि जुने खंड विचार वाचण्यासाठी देतो. मे १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाला. अण्वस्त्र प्रसारबंदी करार लागू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. त्या घटनेकडे बाहेरून कसे पाहिले गेले हे त्याच काळातल्या पानांवर वाचण्याची सर नंतरच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाला नाही. पुढे काय होणार हे त्या लेखकांना माहीत नव्हते. रासायनिक आणि जैविक युद्धावरचे तुमचे सहा खंड १९७१ ते १९७५ या काळातले. जैविक शस्त्रांवरच्या बंदीचा करार १९७२ साली सह्यांसाठी खुला झाला आणि १९७५ मध्ये लागू झाला. रासायनिक शस्त्रांच्या कराराला मात्र १९९३ उजाडावे लागले. इतकी वर्षे मध्ये का गेली, हा प्रश्न घेऊन ते खंड उघडले की करार पाळला जातो की नाही याच्या पडताळणीचा पेच किती अवघड होता ते कळू लागते.

तुमच्या संस्थेच्या जन्माशी आमचाही एक धागा आहे. स्वीडनने सलग दीडशे वर्षे शांततेत काढली, त्याचे स्मारक म्हणून पंतप्रधान टागे एरलांडर यांनी शांतता संशोधनाची संस्था सुचवली आणि १९६६ मध्ये तुमचे काम सुरू झाले. त्या उभारणीत पुढे असलेल्या आल्वा मिर्डाल त्याआधी दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या. पुढे १९८२ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

आणि स्वीडन म्हटले की आमच्याकडच्या जुन्या पिढीला पहिल्यांदा आठवते बोफोर्स! त्या स्वीडिश कंपनीशी झालेला १९८६ चा सौदा, ४१० तोफा. त्यातल्या लाचेच्या आरोपांवरून आमच्या सरकारची प्रतिमा ढवळून निघाली. तुमच्या संस्थेच्या खर्चाचा मोठा वाटा स्वीडनचे सरकार अनुदान म्हणून देते, तरी निर्यातदारांच्या यादीत स्वीडनही इतरांसारखाच उभा आहे. ज्याचे अनुदान घ्यायचे त्याचाही हिशेब त्याच मापाने मांडायचा, हे सोपे नाही. तुमच्या आकड्यांवरचा माझा विश्वास त्यामुळे वाढला.

नव्या इयरबुकचा पूर्ण खंड विकत घ्यावा लागतो, हे समजण्यासारखे आहे. त्याचा सारांश तुम्ही मोफत देता आणि तो इतर अनेक भाषांतही निघतो. म्हणून जाता जाता एक विचारणा. तुमची परवानगी असेल, तर त्या सारांशाचा मराठी अनुवाद मी आणि माझे दोन सहकारी विनामोबदला करून देऊ. तुमच्या संपादकांनी परिभाषा तपासण्यासाठी कोणाला तरी नेमावे, एवढीच अट. पुढचा सारांश निघण्याआधी कळवलेत तर आम्ही सुट्टीतच कामाला लागू.

आपला कृतज्ञ,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक