मॅगझिन म्हणजे वाचायचं नाही गं आई

ती. आई-बाबांना सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळे मजेत आहोत. फोनवर हे बोलणं होत नाही, आई मध्येच रडायला लागते आणि बाबा "रेंज जातेय गं" म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून सावकाश लिहूनच पाठवतेय. दादूला सांगा प्रिंट काढून दे म्हणून, मोबाईलवर वाचत बसू नका, मग परत डोळे चुरचुरतात म्हणाल.

आधी तो मॅगझिनचा घोळ निस्तरते. मागच्या रविवारी मी सहज बोलून गेले की अमेय गॅरेजमध्ये मॅगझिनं मोजत बसलाय, आणि बाबांनी लगेच आळीभर केलं की आमच्या जावयांना वाचनाचा नाद लागला, वर मला विचारलं की दिवाळी अंक पाठवू का. मी हसले आणि विषय तिथेच सोडला, ही माझी चूक. मग दादूने कुठूनतरी अमेयचा कमरेला पट्टा लावलेला फोटो शोधून काढला आणि मॅगझिन म्हणजे बंदुकीत गोळ्या भरायची डबी असते हे तुम्हाला समजावून सांगितलं. त्याची समजावून सांगायची पद्धत मला माहितीये. आई चार दिवस झोपली नाहीये असं मावशी म्हणाली.

तर हो, अमेयकडे पिस्तूल आहे. एकच. दीड वर्ष होईल आता. सांगायचं राहून गेलं असं लिहिणार होते पण राहून वगैरे काही गेलं नव्हतं, सांगितलं नाही एवढंच, कारण आई, तू कुरियरने अंगारा पाठवला असतास. एच-वन व्हिसावर होतो तोवर आम्हाला इथे बंदूक ठेवायला मनाईच होती (शिकारीचं लायसन्स काढलं तर चालतं म्हणतात, पण त्या फंदात आम्ही पडलो नाही), ग्रीनकार्ड झाल्यावर ती अडचण गेली. रीतसर दुकानातून घेतलंय, घेणाऱ्याची सरकारी तपासणी होते आणि ती होऊनसुद्धा कोलोरॅडोत ३ दिवस थांबायला लावतात, मगच हातात देतात. आणि बाबा, कोणी मागे लागलंय म्हणून घेतलेलं नाही, आमची पार्करची गल्ली इतकी सामसूम की संध्याकाळी सातनंतर बाहेर फक्त ससे दिसतात. ऑफिसातला एकजण अमेयला नेमबाजीच्या मॅचला घेऊन गेला आणि नाद लागला, तुम्हाला कॅरमचा आहे तसा. पुठ्ठ्याची टार्गेटं असतात, काही लोखंडी, ती पळत पळत टिपायची आणि कोणीतरी टायमर लावून मागे पळतो. तुमचा नंबर येऊन अधिकारी सांगेपर्यंत पिस्तूल रिकामं असतं, आधी कोणी नुसतं म्यानातून बाहेर काढलं तरी त्याला घरी पाठवतात. मी डोळ्यांनी बघून आलेय. अमेय बावीस जणांत अठरावा आला.

आता ती डबी. टीव्हीच्या छोट्या रिमोटएवढी, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर गोळ्या वर ढकलणारा प्लास्टिकचा तुकडा, त्याला फॉलोअर म्हणतात, आणि तोंडाशी आत वळलेले दोन ओठ, ते वरची गोळी अडवून धरतात. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची, टक्क वाजलं की बसली. अमेयच्या डबीत १५ मावतात. तिला वेगळं लायसन्स नाही, कुठे नोंद नाही, दुकानात खिळ्याला टांगलेली असते, पंचवीस-तीस डॉलरला एक, म्हणजे अडीच हजार रुपये धरा.

आणि इथल्या माणसांचं जे मला दीड वर्षात कळलेलं नाही ते हे की पिस्तूल एक आणि त्याच्या डब्या किती असाव्यात यावर यांच्या गप्पा संपत नाहीत. मॅच झाली की पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून तासभर तेच. एकजण म्हणतो तीन पुरे, दुसरा म्हणतो दर पिस्तुलामागे दहा, आणि एक आजोबा आहेत, फार गोड माणूस, ईशानला दर वेळी गोळी देतात (आई, पेपरमिंटची), त्यांच्या तळघरात शंभरावर आहेत आणि ते अजून घेतायत. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "पुढे मिळतील याची काय खात्री?"

बाबा, तुम्हाला हे विचित्र वाटणार कारण आपल्याकडे आप्पाकाकांच्या दुनळीला काडतुसं किती ते लायसन्सवरच लिहिलेलं असायचं आणि निवडणूक लागली की बंदूक चौकीत जमा, काकू ती पावती देवाच्या फोटोमागे ठेवायच्या. इथे उलटंच. २०१२ च्या जुलैमध्ये इथून जवळ ऑरोरात थिएटरमध्ये गोळीबार झाला होता ना, १२ माणसं गेली, त्या माणसाकडे शंभर गोळ्यांचं गोल मॅगझिन होतं, तेच मध्ये अडकलं म्हणून आणखी वाचली म्हणतात. त्यानंतर कोलोरॅडोने कायदा केला, १ जुलै २०१३ पासून १५ पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकायचं नाही, घ्यायचं नाही. पण ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांची त्यांच्याकडेच राहिली. आणि डबी केवढी यावर बंधन, किती नग यावर कायद्यात अक्षर नाही. १५ वाल्या पाचशे घेऊन ठेव, कोणी विचारणार नाही. अशी मॅगझिनं बनवणारी एक मोठी कंपनी इथलीच, मॅगपुल, ती या कायद्यापायी वायोमिंग आणि टेक्सासला निघून गेली.

त्याआधी १९९४ ते २००४ अख्ख्या देशात १० च्या वरची नवी बनवायला बंदी होती, तेव्हा जुन्या डब्यांचे भाव काय चढले होते याच्या गोष्टी हे लोक आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाच्या सांगतात तशा सांगतात. आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात कोर्टाने तिथली मोठ्या मॅगझिनांवरची बंदी उठवली, आठवडाभरात परत लागू केली, तर त्या आठवड्यात लोकांनी दुकानं रिकामी केली. नोटबंदीच्या वेळी मीठ संपणार अशी आवई उठली आणि तूच पाच किलो आणून ठेवलं होतंस ना आई, त्याला ओल सुटून दगड झाले होते. तेच हे. बंदीमुळे डब्या कमी होतील म्हणून कायदा करतात आणि बंदी येणार या भीतीने घरोघरी वाढतात. २०२५ मध्ये इथे आणखी एक कायदा झाला, सुटं मॅगझिन लागणाऱ्या बऱ्याचशा ऑटोमॅटिक भरणाऱ्या रायफली घ्यायच्या तर आधी ट्रेनिंग, २०२६ च्या ऑगस्टपासून. अमेयच्या पिस्तुलाशी त्याचा काही संबंध नाही, पण कायदा झाला त्या महिन्यात आमच्याकडे चार डब्या जास्तीच्या आल्या.

तेव्हा मग आमचं भांडण झालं. म्हणजे भांडण नाही, हिशोब. याचं म्हणणं बारा, माझं म्हणणं तीन, कारण तीन पिस्तुलासोबत खोक्यातच आल्या होत्या. मी म्हटलं गॅसचं बघ, एक चालू एक भरलेला, कोणी घरात बारा सिलेंडर ठेवतं का. तर त्याने कागद घेतला. मॅचच्या एका फेरीत जास्तीत जास्त ३२ गोळ्या, डबीत १५, म्हणजे तीन तर लागल्याच, पण पूर्ण रिकामी व्हायची वाट बघत नाहीत, जागा बदलताना अर्धी टाकून नवी घालतात, एखादी गोळी अडकली तर ती डबी फेकून दुसरी, म्हणून पट्ट्यावर पाच. हे मला पटलं. टाकलेली डबी खडीत पडते, त्यावर कोणाचा बूट पडतो, ओठ वाकतात, आत माती जाते, म्हणजे दोन राखीव. हेही पटलं. पुढे तो म्हणाला स्प्रिंग थकतात, तेव्हा मी म्हटलं स्प्रिंग वेगळी मिळते, काही डॉलरची, मी बघून ठेवलंय, स्प्रिंगसाठी अख्खी डबी कशाला. तिथे तो गप्प झाला. ते थकण्याचं पण कसं, नुसती दाबून ठेवली म्हणून स्प्रिंग मरत नाही, सारखी भरून रिकामी करण्याने मरते. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे बघ, दोरीवर महिनोन्महिने लावून ठेवलेला तसाच राहतो आणि रोज उघडमीट होणारा तुटतो.

प्रत्येक डबीच्या बुडाला त्याने पांढऱ्या पेंटने नंबर घातलेत, आपल्या आकड्यात, १ २ ३ ४, तिथले लोक विचारतात हे कुठलं चित्र. नंबर कशाला तर अडकली की कुठली अडकली ते कळावं. ३ नंबरची दोन मॅचला अडकली, मी सहज हातात घेतली तर एक ओठ किंचित बाहेर आलेला, नखाला लागत होता, ५ नंबरच्या शेजारी धरली की फरक दिसायचा. ती फेकायला याच्या जिवावर आलं. घरी सरावाला होईल म्हणे. शेवटी मीच उचलून कचऱ्यात टाकली.

तर ठरलं ते आठ. पट्ट्यावरच्या पाच, दोन राखीव, एक घरात. आठच्या वर आणायची तर एक मोडलेली दाखवायची. असं ठरून पंधरा दिवस झाले आणि मला इंडियाच्या मोठ्या बॅगेमागे आणखी चार सापडल्या, पाकीटबंद. त्याने अजून परत केल्या नाहीयेत. मीही रोज विचारत नाही.

आता आई, तुझी खरी काळजी, ईशान. पिस्तूल कपाटात बोल्टने बसवलेल्या लोखंडी तिजोरीत असतं, आकडे दाबून उघडते, आकडा दोघांनाच माहिती. घरात मूल असेल तर असं कुलुपातच ठेवायचं हा इथे २०२१ पासून कायदाच आहे, आमची हौस नाही. डब्या गॅरेजच्या वरच्या फळीवर रबर लावलेल्या पत्र्याच्या पेटीत, गोळ्या तिसरीकडे, त्यालाही कुलूप. हवा इथे इतकी कोरडी की गंजायची भीती नाही, चिपळूणला असतं तर एका पावसाळ्यात खाक झालं असतं. डब्या सगळ्या रिकाम्या असतात. म्हणजे ती घरातली एक, तिजोरीतली, ती भरलेली असते. एवढीच. मला लिहायचं नव्हतं पण दादू विचारणार आणि मग मी खोटं बोलले असं व्हायला नको. ईशानला काहीही दिसलं तर हात लावायचा नाही आणि मोठ्या माणसाला हाक मारायची हे पाठ करून घेतलंय, मित्रांच्या घरीसुद्धा. तो खेळायला जातो त्या प्रत्येक घरी मी आधी विचारते, तुमच्याकडे बंदूक आहे का आणि कुठे ठेवता. सुरुवातीला लाज वाटायची. इथे कोणाला राग येत नाही, उलट आपणहून सांगतात.

आणि बॅगेचं बाबांनी विचारलं होतं ते बरोबर आहे. मॅचची बॅग मी वेगळीच केलीये, लाल, तिला इंडियाच्या सामानाजवळ येऊ देत नाही. परदेशातून आलेल्याच्या सामानात मुंबईला एक चुकार काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्ट लागतो, सुट्टीचे पंधरा दिवस कोर्टात जातात. त्या चार डब्या सापडल्यापासून मी मोठ्या बॅगेचा कप्पा न् कप्पा उलटा करून झटकलाय, तीनदा. शिवण उसवून बघितली एका ठिकाणी.

बॅगेवरून आठवलं. मेमध्ये दादूच्या लग्नाला मी येतेय, ईशानला घेऊन. अमेयचं जमत नाहीये. सुट्टी नाही असं मी मावशीला सांगितलंय आणि तेच सगळ्यांना सांगा, पण तुम्हाला म्हणून लिहिते, तीन तिकिटं परवडत नाहीयेत यंदा, घराचा हप्ता वाढलाय. तू लगेच म्हणशील मग त्या डब्यांना पैसे आहेत. मी हिशोब केलाय, बारा डब्या मिळून एका तिकिटाच्या पाचव्या हिश्शाइतक्यासुद्धा होत नाहीत. गोळ्यांचा हिशोब वेगळा आहे, तो विचारू नका. त्याने मेपर्यंत मॅच बंद केल्यात, मी सांगितलं नव्हतं, आपणहून. कानपिळीला भाऊ येणार नवरीचा, त्यात जावई नाही म्हणून काही अडत नाही, पण आत्या चार माणसांत विचारणार, तेव्हा बाबा तुम्ही काहीतरी ऐटीत सांगा, तुम्हाला जमतं. आणि वाचनाचं मात्र नका सांगू आता.

दादूच्या बायकोला काय आवडतं ते कळव, अंगठीचं माप पण. गुडघ्याची गोळी चालू ठेव.

तुमची,
मनू

ता. क. हॉलचे दोन लाख म्हणाले होते त्यातले पन्नास हजार काल पाठवलेत, बँकेत आले का बघा. उरलेले मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये. एकदम जमलं नाही, हॉलवाल्याला तसं सांगून ठेवा.