सबटायटल करणाऱ्यांस, सप्रेम नमस्कार

प्रिय सबटायटलकार,

पत्र उघडं लिहितोय, कारण तुमचा पत्ता ठाऊक नाही. श्रेयनामावलीत वेशभूषेपासून चहापाण्यापर्यंत सगळ्यांची नावं येतात. तुमचं आलंच तर सर्वांत शेवटी, अर्धं प्रेक्षागृह दाराशी पोचलेलं असताना. बरेचदा येतच नाही.

परक्या भाषेतला सिनेमा बघताना डोळ्यांत पाणी येतं, त्याचं श्रेय आम्ही नटाला आणि दिग्दर्शकाला देतो, ते रास्तच आहे. पण ते पाणी नेमकं त्याच क्षणी येतं, त्याच्या दोन सेकंद आधीही नाही आणि नंतरही नाही, ही करणी तुमची. आभार त्या दोन सेकंदांबद्दल.

जपानी दिग्दर्शक ओझूंचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) घ्या. आईचे अंत्यविधी उरकताच थोरली भावंडं गाडी पकडून परत गेली आहेत, मोठ्या मुलीने तर जाताना आईचे कपडेही मागून घेतले. धाकटी क्योको संतापून वहिनीला म्हणते, "इया ने, यो नो नाका त्ते." वहिनी, म्हणजे अभिनेत्री सेत्सुको हारा, चक्क हसून उत्तर देते, "सो, इया ना कोतो बाक्कारी." इंग्रजीतून जसंच्या तसं उचललं तर 'आयुष्य निराशाजनक आहे, नाही का?' असं काहीतरी होतं. कुठली नणंद वहिनीशी असं बोलेल? 'इया' म्हणजे नकोसं, 'यो नो नाका' म्हणजे जग, दुनिया. "नकोसं वाटतं ना हे जग?" "हो गं. सगळं नकोसंच." त्या एका 'गं'मध्ये दोघींचं नातं येतं. इंग्रजीत त्याला जागाच नाही.

आता टाइमिंग. दोन पात्रांचे छोटे संवाद असले की डॅश देऊन दोन्ही ओळी एकत्र दाखवायची पद्धत आहे. जागा वाचते, वाचायला वेळ मिळतो, एरवी तक्रार नाही. इथे तसं केलंत तर घात. क्योकोचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रेक्षकाने उत्तर वाचून टाकलेलं असतं, आणि मग ते हसू नुसतं हसू उरतं. उत्तराची ओळ वेगळी हवी आणि ती तोंड उघडल्यावरच यायला हवी. हे ज्यांनी पाळलं, त्यांना साष्टांग दंडवत.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा चांगलं होऊ शकतं, हे आम्ही हट्टाने सांगतो. जपानी आणि फारसी, दोन्हींत क्रियापद सहसा शेवटी येतं. जपानीत तर नकारही त्या क्रियापदाच्या शेपटीला असतो. नट वाक्य ओढत ओढत नेतो आणि 'नाही' अगदी टोकाला सोडतो. इंग्रजी ओळीत नकार आधीच येऊन बसतो, त्यामुळे प्रेक्षक नटाच्या पुढे धावतो. मराठीत "तो काल स्टेशनवर आला" ही वरची ओळ आणि "नाही" खाली, असं सहज जमतं. एरवी एकटा शब्द खालच्या ओळीत टाकणं गावंढळ दिसतं. पण रडू येण्याच्या जागी खुशाल टाका.

सगळ्यात अवघड काम करताना तुम्हाला पाहायचं तर इराणी दिग्दर्शक माजिद माजिदींच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये (१९९७). बहिणीच्या बुटांचा जोड भावाकडून हरवलाय. आईवडील एकाच खोलीत, म्हणून अली आणि त्याची बहीण जाहरा अभ्यासाच्या वह्यांत लिहून भांडताहेत: उद्या शाळेत काय घालून जाऊ? त्याच वेळी वडील मशिदीसाठी साखर फोडता फोडता मोठ्याने बोलताहेत. म्हणजे एक संवाद कानाने ऐकायचा, दुसरा कागदावर वाचायचा, आणि पडद्याच्या तळाशी जागा दोनच ओळींची. वडिलांचं सगळं बोलणं लिहिलं तर वही वाचायची राहते. नुसती वही दिली तर खोलीतली भीती जाते, आणि पोरं गप्प का आहेत तेच कळत नाही. यावरचा इलाज साधा आहे: वहीचा मजकूर पडद्याच्या वरच्या बाजूला, वडिलांचं बोलणं अर्ध्यावर छाटून खाली. लिखित मजकूर वेगळा दिसावा म्हणून इंग्रजीत मोठी अक्षरं वापरतात. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत, आणि तिरपा ठसा वेलांट्यांचा चुराडा करतो. अवतरणचिन्हं पुरतात.

मापं सांगायची तर ओळीला साधारण ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, एक ओळ कमीत कमी एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात सेकंद, एक ओळ गेल्यावर पुढची येईपर्यंत किमान दोन फ्रेमची, म्हणजे सिनेमाच्या दोन स्थिर चित्रांची, फट. ही फट नसेल तर ओळ बदलली हे डोळ्याला कळतच नाही. पण ४२चा हिशोब देवनागरीला लागू पडत नाही. 'स्त्री' हे डोळ्याला एकच अक्षर, संगणक मात्र सहा मोजतो: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. त्यामुळे चांगली आटोपशीर ओळ सॉफ्टवेअर लाल करून दाखवतं, आणि नवशिका घाबरून तिची काटछाट करतो. मोजणीकडे दुर्लक्ष करून, ओळ मोठ्याने वाचून वेळ लावणाऱ्यांची फाइल लगेच ओळखू येते.

आणि ती चित्राच्या मागे घसरत जाणारी सबटायटलची फाइल! सुरुवातीला अगदी बरोबर, मध्यंतरापर्यंत अडीच मिनिटं चुकलेली, शेवटाला पात्र मेल्यावर बऱ्याच वेळाने त्याचे शेवटचे शब्द. कारण बहुधा एकच असतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पण युरोपातल्या टीव्हीची प्रत २५च्या वेगाने चालवलेली. १२० मिनिटांचा सिनेमा तिथे ११५ मिनिटं १२ सेकंदांत आटपतो. फाइल एका प्रतीची आणि चित्र दुसऱ्या प्रतीचं, की झालं. लोक सगळ्या ओळी सरसकट मागेपुढे सरकवतात, थोडा वेळ जमल्यासारखं वाटतं, पुन्हा बिघडतं. सरकवून भागत नाही, ताणावं लागतं: २५ फ्रेमची फाइल २४च्या चित्राला लावायची तर प्रत्येक वेळेला २५ भागिले २४ने गुणायचं. उलट असेल तर उलट. आणि फाइल यूटीएफ-८मध्ये, म्हणजे देवनागरीही सांभाळणाऱ्या अक्षरसंकेतात, साठवायची, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लागते. ही हमाली कुणीतरी रात्री जागून करतं, म्हणून दुसऱ्या कुणाला वेळेवर रडता येतं.

एक आभार न लिहिलेल्या ओळींबद्दल. आई गल्लीत मुलाला हाका मारतेय, एकच नाव, चार वेळा. पहिल्या हाकेला नाव दिलंत, पुढच्या तीनदा तळ कोरा ठेवलात. त्यामुळे नजर वर गेली आणि आवाज कुठे फाटला ते ऐकू आलं. जुन्या प्रतींत बर्फावर, पांढऱ्या चादरीवर पांढरी अक्षरं विरघळून जायची, तो वेगळा कोरेपणा. त्याचं दुःख अजून आहे.

जाता जाता फारसीतली एक गोष्ट. कुणी हाताने काही करून दिलं, चहा आणून दिला, ओझं उचललं, की तिथे म्हणतात, "दस्त-ए शोमा दर्द नकोने." इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं नुसतं 'थँक यू' होतं, मराठीतही बरेचदा 'धन्यवाद' लिहून मोकळे होतात. शब्द मात्र तसे नाहीत. तुम्ही ते आहेत तसे ठेवता, म्हणून तेच तुम्हाला:

तुमचा हात दुखू नये.

आपले,
पडद्याच्या तळाशी नजर लावून बसणारे