बोगद्यापर्यंतचा रस्ता

प्रिय बाळ्या,

पत्राला फार उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. माझी शुगर आहे तिथेच, गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

लेकीला वेस्टर्न कॅरोलायना युनिव्हर्सिटीत सोडायला गेलो होतो. शार्लट सोडलं की पुढे डोंगरच डोंगर. तिचं हॉस्टेलचं काम होईपर्यंत तिथल्याच माउंटन हेरिटेज सेंटरमध्ये शिरलो. ॲपलेशियन डोंगरातली माणसं, त्यांची अवजारं, रानं, सगळं जपणारं विद्यापीठाचं छोटं म्युझियम. ‘भंगाराला काच लावली की झालं म्युझियम’ हे तुझं वाक्य आठवून एकटाच हसलो.

तिथे एक म्हातारा भेटला. त्याच्या आईवडिलांचं गाव फोंटाना धरणात गेलेलं. बाळ्या, धरणात, आपल्या गावासारखंच! 1942 ला काम सुरू, 1944 च्या अखेरीस पाणी अडवलं. भिंत 480 फूट. आपली कोयना 103 मीटर, म्हणजे 340 फुटांच्या आतच. इथेही आपण मागे. सरकारनं 1943 मध्ये लिहून दिलं होतं, पलीकडच्या दफनभूमींकडे जायला रस्ता करून देऊ. सहाएक मैल केला, एक बोगदा खोदला आणि हात वर केले. 2010 मध्ये 5 कोटी 20 लाख डॉलरवर तडजोड झाली, तीही काउंटीशी, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाशी. म्हातारा अजून उन्हाळ्यात नॅशनल पार्कच्या बोटीनं जाऊन थडग्यांवर फुलं ठेवून येतो.

मी म्हटलं, आमच्याकडे थडगी नसतात, देव तेवढा आधी उचलून आणला. त्यानं विचारलं, ‘आणि घरातलं काय उरलंय?’

तेव्हापासून डोक्यात तेच. दादा घर पाडून स्लॅब टाकतोय. माळ्यावर जातं आहे, आजीचं इरलं आहे, मामलेदाराच्या शिक्क्याची ती नोटीस आहे. दादाच्या लेखी सगळं भंगारवाल्याचं. त्यात अण्णा हल्ली मला काकांच्या नावानं हाक मारतात. बुडालेल्या शेतांची नावं त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक आहेत? आणि हे सगळं द्यायचं कुणाला? आपली माणसं अजून जमिनीसाठी उपोषणाला बसतात, त्यांना म्युझियम काढा कोण सांगणार? तुझ्याकडे ठेव म्हणावं, तर वहिनी आधी तुलाच माळ्यावर टाकतील.

यात्रेच्या वर्गणीवरून दादाशी तुझं बोलणं बंद आहे, माहीत आहे. (तेव्हा चूक तुझीच होती, अजूनही सांगतो.) तरी रविवारी जाच. अण्णा सकाळी ताजे असतात. आधी शेतांची नावं काढ, माणसं आपोआप येतील. फोनवर रेकॉर्ड कर, पण त्यांना दिसू देऊ नकोस, नाहीतर थेट भाषणच सुरू करतील. जातं जड आहे, पोरांना घेऊन जा. नोटीस मात्र खिशात घालूनच बाहेर पड, दादाला विचारत बसू नकोस.

पिंकीचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव, तिकिटं महाग व्हायच्या आत. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या