रविवारची उपासना वेताळ टेकडीवर

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळची उपासना सभागृहात होणार नाही. आपण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जात आहोत. सकाळी ६ वाजता विधी महाविद्यालय रस्त्यावर, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे जाणाऱ्या चढाच्या तोंडाशी जमू. ८.३० पर्यंत परतू.

वाटेत उंबर दिसला की थांबायचे आहे. दत्तमहाराजांचे झाड म्हणून आपण त्याला नमस्कार करतो, पण त्याचे फूल कुणी पाहिले आहे? फुले असतात, अगदी असंख्य, पण ती फळाच्या आत. तिळाएवढी एक माशी बारीक छिद्रातून आत शिरते, पराग पोचवते आणि तिथेच अंडी घालते. या माशीशिवाय उंबराला बी धरत नाही आणि उंबराशिवाय तिचा वंश चालत नाही. लपलेल्या फुलाचीही देवाने एवढी काळजी घेतली आहे! मला तर दर वेळी भरून येते.

काही विनंत्या:
- पूजेसाठीसुद्धा फूल-पान तोडू नये.
- टाळ आणि स्पीकर आणू नयेत. टेकडीवर मोर आहेत, त्यांना त्रास नको.
- पाणी घरून आणावे. पावसाने वाट निसरडी आहे, बूट घालावेत.
- प्रसादाची केळी मंडळ आणेल, साली पिशवीत घालून परत न्यायच्या.

वर पोचल्यावर १० मिनिटे मौन. मग प्रत्येकाने वाटेत पाहिलेली एक गोष्ट सांगायची, लहान मुलांनी आधी.

ज्यांना चढ जमणार नाही त्यांनी शनिवारी रात्री ८ पर्यंत कळवावे, म्हणजे गाडीची सोय करता येईल.