ताई, गिअरचा ट्रॅक्टर घेऊ नका

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही पाठवलेली दोन्ही कोटेशनं नीट वाचली. मॉडेल एकच, कुबोटाचा एल२५०१. एक गिअरचा, एक हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चाल बदलणारा. जावईबापूंचा कल गिअरकडे आहे असं तू लिहिलंस. तो स्वस्त पडतो, त्यात बिघडण्यासारखं कमी, आणि आप्पांनी, म्हणजे मी, जन्मभर तोच चालवला, अशी तीन कारणं दिलीस. तिसरं वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या कारणासाठी ट्रॅक्टर घेऊ नका. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या सहा एकरांना हायड्रोस्टॅटिकच हवा.

आपल्या द्राक्षबागेत ट्रॅक्टर काय काम करतो ते तू लहानपणापासून पाहिलं आहेस. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्लोअरने औषध फवारत एका चालीने जायचं. चाल बदलली की कुठे औषध जास्त पडतं, कुठे पान कोरडंच राहतं, आणि डाऊनी, तो बुरशीचा रोग, तिथेच शिरतो. गिअर टाकला, हाताचा थ्रॉटल लावला, की पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरतो आणि चाक ठरलेल्या वेगाने चालत राहतं. क्लचला पाय लागतो तो ओळ संपल्यावर. अशा कामाला गिअरसारखं दुसरं काही नाही. म्हणून तर निफाड-दिंडोरीच्या बागांत फिरणारे छोटे ट्रॅक्टर, कुबोटाचा बी२४४१ असो नाहीतर महिंद्राचा जिवो, गिअरचेच असतात.

पेनसिल्व्हेनियातलं तुमचं काम वेगळं आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे राहिलो तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिलं. रस्त्यावर खडी पसरायची, हिवाळ्यात तोच रस्ता बर्फातून मोकळा करायचा, सफरचंदाच्या झाडांभोवती वळसे घेत गवत कापायचं, पडलेली लाकडं उचलून शेडपाशी आणायची. यातलं बहुतेक काम पुढच्या लोडरचं, म्हणजे ट्रॅक्टरपुढे बसवलेल्या उचलत्या बकेटचं. लोडरचं काम म्हणजे ढिगात शिर, बकेट भर, मागे ये, वळ, पुढे जा, ओत, पुन्हा मागे. एका ट्रॉलीभर खडीसाठी पुढे-मागे किती वेळा करावं लागतं ते मोज. गिअरच्या ट्रॅक्टरवर दर वेळी डावा पाय क्लचवर, एक हात गिअरवर, दुसरा स्टिअरिंगवर. मग बकेटचा दांडा कोणत्या हाताने धरायचा? सरावलेला माणूस करतो, नाही असं नाही. पण तू आठवड्याचे पाच दिवस दवाखान्यात काम करून शनिवारी त्यावर बसणार आहेस. दुपारपर्यंत गुडघा बोलायला लागेल आणि थकलेल्या पायाचा क्लच शेडच्या भिंतीपाशी चटकन सुटेल. मला काळजी त्याचीच आहे.

हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं. इंजिन एक पंप फिरवतं. त्या पंपात पिस्टन असतात आणि त्यांच्या तोंडाशी एक तबकडी. तुझा पाय पेडलवर पडला की तबकडी कलते, पिस्टन तेल ढकलायला लागतात, ते तेल पलीकडची मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. तबकडी सरळ असली की ट्रॅक्टर उभा, उलट्या बाजूला कलली की मागे. इंजिनाचा वेग तोच राहतो, पीटीओ ५४० वरच फिरतो, आणि जमिनीवरची चाल मात्र गोगलगाईपासून धावण्यापर्यंत तुझ्या पायाच्या हातात.

आता जी गोष्ट जावईबापूंना नीट समजावून सांगायची ती. तुमच्या शेजारच्या आजोबांनी त्यांचा हायड्रोस्टॅटिक खडी पसरायला दिला होता, आठवतं? जावईबापूंनी बकेट ढिगात घातली आणि ट्रॅक्टर अडला. गाडीत करतात तसं त्यांनी पेडल आणखी दाबलं. ट्रॅक्टर जागचा हलला नाही, नुसता खालून बारीक किंचाळल्यासारखा आवाज करायला लागला. आजोबांनी लांबूनच तळहात वर करून पाय उचलायची खूण केली. पाय अर्धा सोडला, आणि तोच ट्रॅक्टर सावकाश ढिगात शिरला. कारण तबकडीच्या कलण्यात आहे. जास्त दाबलं की तबकडी जास्त कलते, वेग वाढतो पण जोर कमी होतो. कमी दाबलं की चाल मंद आणि जोर जास्त. तो आवाज म्हणजे दाब पराकोटीला गेला, तेल झडपेतून वाट काढतंय आणि तापतंय. तिथे थांबायचं, रेंज, म्हणजे हळू-जलद चालीचा टप्पा, खालची घ्यायची, पाय सैल करायचा. सवय गाडीच्या अगदी उलट आहे. पहिले काही दिवस हे जाणीवपूर्वक करायला लागेल.

जावईबापू ताकदीचं म्हणतात तेही खरं आहे. तेलातून शक्ती नेली की थोडी उष्णतेत जातेच. या मॉडेलचं इंजिन दोन्हीकडे तेच, २४.८ एचपी, पीटीओवर गिअरला २०.५ मिळतात, हायड्रोस्टॅटिकला १९. दीड एचपी. दिवसभर नांगरट असती तर मी या दीडासाठी भांडलो असतो. तुम्हाला वर्षातून एकदा भाजीपाल्याचा तुकडा रोटाव्हेटरने उलटायचा आहे. उंच दाट गवतात कटर जड झाला तर चाल कमी करा, तेवढ्यानेच भागतं. गिअरवर त्यासाठी थांबून खालचा गिअर टाकावा लागला असता.

म्हणून मोठ्या इंजिनाचा घ्यावा, असं मात्र करू नका. तुमच्याकडे २५ एचपीच्या वरच्या डिझेल इंजिनांना २०१३ पासून धुराचे नियम कडक झाले. त्यामुळे त्यातल्या बहुतेकांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो फिल्टर ठरावीक काळाने तापवून स्वतःची काजळी जाळतो, आणि इंजिन मंद गतीवर रेंगाळत ठेवलं की लवकर भरतो. शनिवारी तासभर चालणाऱ्या ट्रॅक्टरला ही कटकट कशाला? कंपन्यांची इतकी मॉडेलं २४-२५ एचपीवर येऊन थांबलेली दिसतात ती याचमुळे.

मधला मार्ग म्हणून डीलर शटलचा ट्रॅक्टर दाखवेल. स्टिअरिंगजवळच्या दांड्याने पुढे-मागे होतं. चांगली सोय आहे, पण या आकाराच्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा क्लच दाबावाच लागतो, म्हणजे गुडघ्याचा प्रश्न तिथेच.

उताराचं लक्ष देऊन वाच. घरामागची जमीन ओढ्याकडे बरीच उतरते. हायड्रोस्टॅटिकमध्ये पाय उचलला की ट्रॅक्टर आपोआप हळू होतो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण वरच्या रेंजमध्ये, मागे वजन नसताना, उतारावर तो भरवसा धरायचा नाही. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. बकेट भरलेली असली की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरायला लागतात. उताराला लागण्याआधीच खालची रेंज आणि फोर-व्हील टाकायचं, म्हणजे पुढची चाकंही ट्रॅक्टर धरून ठेवतात. बकेट जमिनीपासून वीतभर उंच, त्याहून वर नाही. मागे बॅलास्टचा, म्हणजे वजनाचा, डबा किंवा एखादं जड अवजार कायम जोडलेलं. डोक्यावरची रोप्सची कमान, ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी, उभी आणि पट्टा बांधलेला. हे दोन्ही एकत्रच. कमान दुमडून ठेवली असेल तर पट्टा बांधायचा नाही, आणि कमान फक्त झाडाखाली जाण्यापुरतीच दुमडायची. आडव्या उतारावर गवत कापू नका. तो ओढ्याकडचा तुकडा वाढला तर वाढू दे.

देखभालीचं फार नाही. पहिले ५० तास झाले की ट्रान्समिशनचा फिल्टर बदलायचाच. नव्या गिअरचा बारीक चुरा त्यात येतो आणि पंपाला तो अजिबात चालत नाही. तेल कंपनी सांगते तेच, स्वस्तातलं नाही. आपल्याकडे गिअरबॉक्स कोणताही मेस्त्री पारावर बसून उघडतो. हा पंप तसा उघडायचा नाही, म्हणून डीलर घरापासून किती लांब आहे त्याला किमतीइतकंच महत्त्व द्या. थंडीत तेल घट्ट होतं, तेव्हा सुरू करून काही मिनिटं तसाच चालू द्यायचा आणि मग बर्फाला हात घालायचा. हायड्रोस्टॅटिकला जास्तीचे जे डॉलर जातात, त्यातले बरेच विकताना परत येतात, कारण तुमच्याकडे छोट्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक त्याचंच.

शोरूममध्ये जाल तेव्हा बर्फातले जाड बूट घालून जा. कुबोटाला एकच लांब पेडल असतं, पुढे जायला चवडा दाबायचा, मागे यायला टाच. जॉन डिअरला पुढे आणि मागे यांची दोन वेगळी पेडलं शेजारी-शेजारी. माणसागणिक आवड वेगळी असते आणि साध्या चपलेत ती कळत नाही. तू स्वतः बसून चालव, जावईबापूंनीच चालवून पाहिला असं नको. नुसतं अंगणात फिरवू नका, मातीचा ढीग मागा आणि बकेट भरून बघा.

सही करण्याआधी दोन गोष्टी कळव: शेडच्या दाराची उंची रोप्स उभी ठेवून पुरते का, आणि कोटेशनमध्ये मागच्या टायरांत वजनासाठी थंडीत न गोठणारं द्रव भरून देण्याचं धरलंय का. नसेल तर तेही लिहून घ्या.

आई विचारते आहे, थंडीचे कपडे कोणाबरोबर पाठवू. जावईबापूंना नमस्कार, छोटूला गोड पापा.

तुझे,
आप्पा