पेटी कुणाला देऊ नका

सस्काटून, कॅनडा, १५ जानेवारी

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तिळगूळ घ्या, गोड बोला. डबा शनिवारी पोचला. वड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, सुरीने सोडवून खाल्ल्या, एकही वाया घालवली नाही. मी ठणठणीत आहे. बाहेर उणे ३५ आहे हे खरं, पण घरात हीटर असतो आणि मी नुसत्या कुडत्यावर वावरते. त्यामुळे आई, रात्री उठून इथलं तापमान बघत बसू नकोस.

फोटोतल्या गाडीच्या तोंडातून वायर का लोंबतेय असं तू विचारलंस. शॉर्टसर्किट नाही गं ते. इथे बहुतेक गाड्यांना पुढून एक प्लग असतो आणि पार्किंगमध्ये प्रत्येक जागेसमोर खांबावर सॉकेट. रात्री गाडी तिथे लावून ठेवायची, आपण फोन चार्जिंगला लावतो तशी. बॅटरी चार्ज होते असं मलाही आधी वाटलं होतं, पण तसं नाही. आत इंजिनापाशी छोटा हीटर असतो, तो इंजिन गरम ठेवतो. नाहीतर या थंडीत ऑइल आपल्याकडच्या काकवीसारखं घट्ट होतं आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. काहीजण टायमर लावतात, म्हणजे निघायच्या तीन-चार तास आधी हीटर आपोआप सुरू होतो. निघताना वायर काढायला विसरलं तर ती तुटते. माझी मैत्रीण मला सोडते तेव्हा वायर काढायचं काम माझ्याकडे असतं आणि मी एकदाही विसरलेले नाही.

बाबा, आता तुमच्या पत्राबद्दल. "नोकरीच्या मागे गाणं संपलं ना तुझं? पेटी नुसती धूळ खातेय, शेजारच्या मुलीला देऊन टाकू का?" ते वाक्य मी तीनदा वाचलं. गाणं संपलेलं नाही. सूर्य नऊनंतर उगवतो, त्याआधी मी फोनवर तानपुरा लावून अर्धा तास बसते. भिंती पातळ आहेत म्हणून आवाज दाबून गाते, पण गाते.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती. इथल्या नदीकाठच्या फिरायच्या रस्त्याला २०१८ साली जोनी मिचेल या गायिकेचं नाव दिलं. ती याच गावात वाढली. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानात मला तिची १९७४ ची 'कोर्ट अँड स्पार्क' मिळाली. कव्हरवरचं चित्रही तिनेच काढलंय. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला, डाव्या हातात जोर कमी राहिला, म्हणून ती गिटारच्या तारा आपल्या सोयीच्या सुरांत लावून घेऊ लागली. तुम्ही रागाप्रमाणे तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणता ना, तसंच काहीसं, फक्त हिच्याकडे अशा पन्नासएक जुळण्या आहेत. त्यामुळे तिचे स्वर भलतीकडेच वळतात. रॉकवाल्या वादकांना ते झेपेना, तेव्हा तिने लॉस एंजेलिसमधल्या टॉम स्कॉटच्या जॅझ मंडळींना बरोबर घेतलं. ऐकायला एकदम मऊ, रविवारी दुपारी लावावी अशी रेकॉर्ड, पण खाली ड्रम आणि बेस सतत काहीतरी कुजबुजत असतात. 'डाउन टू यू'मध्ये गाणं मध्येच थांबतं, वाद्यांचा लांब तुकडा येतो आणि मग ती परत येते, वेगळीच होऊन. त्या संयोजनाला ग्रॅमी मिळालं होतं.

शेवटचं 'ट्विस्टेड' तुम्हाला नक्की आवडेल. वॉर्डेल ग्रेने सॅक्सोफोनवर वाजवलेल्या सुरावटीवर ॲनी रॉस नावाच्या गायिकेने शब्द बसवले, आणि जोनीने ते इथे गायलंय. भास्करबुवांनी बंदिशींच्या चाली 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना दिल्या, त्याची मला आठवण झाली. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? आपला फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून उतरवून ठेवा, येताना रेकॉर्ड घेऊन येते.

ती ऐकल्यापासून मी स्वतःची गाणी लिहायला लागले आहे. मराठीतच. दोन झाली. एक आपल्या ठाण्याच्या तलावपाळीचं आहे, संध्याकाळी कोपिनेश्वराची घंटा ऐकू येते तिथपासून सुरू होतं. राग मोडतो त्यात, तुम्ही रागवाल, तरी ऐकवणार आहे.

ताईच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. हे आधी लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. वर्क परमिटचे कागद अजून आलेले नाहीत आणि ते येईपर्यंत देशाबाहेर पडू नका असं वकिलाने सांगितलंय. तुमच्या मोतिबिंदूच्या वेळीही मी नव्हते, ते मला माहीत आहे. मेमध्ये लग्नाला येते, नक्की. आई, ताईच्या हाताला मेंदी लागेल तेव्हा मला व्हिडिओवर घे. वेळ कुठलीही असो, मी जागी राहीन.

पुण्याच्या स्थळाचं मी टाळत नाहीये. मुलगा चांगला असेल. त्याला आधी एवढंच विचारा, बायको रोज सकाळी गात बसली आणि स्वतःची गाणी लिहू लागली तर चालेल का. उत्तर काय देतो ते कळवा, मग मी बोलेन त्याच्याशी.

गुरुवारी ८० हजार जमा होतील. त्यातला कर्जाचा हप्ता ३४ हजार, चाळीस हजार हॉलच्या अनामतीला. मला इथे कमी पडत नाही, कोट मागच्या वर्षीचाच छान आहे. उरलेल्या सहा हजारांत पेटीचा भाता दुरुस्त करून घ्या आणि काळी चारची पट्टी चिकटते तीही दाखवा. शेजारच्या मुलीला शिकायचं असेल तर तिला आपल्या घरी येऊन वाजवू दे.

तुमची,
चिमी